भिंतीची किनार

खैरुनबी कोणाच्याही घरी झाडायला आली की आधी कोपऱ्यात जायची. बाकीच्या बाया मधल्या मोकळ्या जागेपासून सुरुवात करतात, कारण मालकिणीची नजर तिथंच पडते. ही मात्र भिंतीला खेटून, कडेकडेनं झाडू चालवायची आणि मधला भाग शेवटी घ्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लुगडं पाहाचं त किनार पाहा, हर्षाची आई. मधी काय, मधी तं सारेच साजरे दिसतात."

हर्षा माझी मुलगी. आम्ही मूल गावात, राइस मिलच्या मागच्या गल्लीत राहतो. घरं एकाला एक लागून आहेत, दोन घरांत मिळून एकच भिंत. शेजारी कुकरची शिटी झाली की मी आमच्याकडचा गॅस बंद करायला धावते, इतकं सगळं ऐकू येतं. मिल सुरू असली की कोंडा उडतो. तो दिसत नाही, पण संध्याकाळी बोट फिरवलं की समजतं. आणि जिथं धान तिथं उंदीर. ते काही कोणी वेगळं सांगायला नको.

खैरुनबी मूळची चामोर्शीची. तिचे वडील मन्यार, म्हणजे बांगड्या विकणारे. लहानपणी बाजाराच्या दिवशी ती वडिलांच्या पाटीशेजारी बसायची आणि बायांचे हात दाबून कोणाला कोणतं माप बसेल ते सांगायची. अजूनही कोणी नवी बाई भेटली की ती तोंडाआधी मनगट पाहते. लग्न होऊन मूलला आली. नवरा जलालुद्दीन मिलमध्ये हमाली करायचा, पुढे छाती धरली आणि तो घरी बसला. मग हिनं झाडू हातात घेतला. भाऊ मुबीन मात्र वडिलांचा धंदा चालवतो. मोटरसायकलवर पेट्या बांधून गावोगाव फिरतो, आमच्या गल्लीतही येतो. त्याची हाक आली की हर्षा लहानपणी पलंगाखाली लपायची. बांगड्या भरताना हात दुखतो म्हणून तिला त्या कधीच आवडल्या नाहीत.

खैरुनबीच्या आयुष्यातली एक गोष्ट ती फार कमी वेळा बोलली. मला तिनं एकदाच सांगितली, तीही काम करता करता, माझ्याकडे पाठ करून. तिची आई उन्हाळ्यात भुईवर झोपली होती. सकाळी उठली तर पोटात कळ. घरच्यांना वाटलं शिळं खाल्लं. ओवा दिला, शेक दिला. थोड्या वेळानं तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. ती म्हणत होती मले झोप नाई येऊन राह्यली, पन डोये उघडत नाईत. अंगावर कुठं काही खूण दिसली नाही. दुपारी सगळं संपल्यावर आंघोळ घालणाऱ्या बाईला कानामागे दोन ठिपके दिसले. तेव्हा कोणीतरी म्हणालं, पान लागलं.

पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे सरळ नाव घेत नाहीत. दिवा लागल्यावर तर नाहीच. दोरी म्हणतात, लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. नाव घेतलं की त्याला आपल्या घराचा रस्ता कळतो, असं जुनी माणसं सांगायची. आमच्या धम्मात असल्या गोष्टींना जागा नाही आणि मी मानतही नाही. पण संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हणताना मी तो शब्द काही उच्चारणार नाही, हेही खरं. खैरुनबी तर दिवसाढवळ्याही घ्यायची नाही.

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या घरात रीता आली. बँकेत नोकरी, बदली साताऱ्याकडून. नवरा तिकडेच. सोबत सासू सुगंधाबाई आणि नुकती चालायला लागलेली मुलगी. तिचं पाळण्यातलं नाव मोठं होतं, पण सगळे गुड्डीच म्हणायचे. गुड्डीची छाती नाजूक. झाडू फिरवला की कोंडा उडायचा आणि पोर रात्रभर खोकायची. भिंतीतून मला ऐकू यायचं. म्हणून रीतानं कचरा ओढायचं मशीन घेतलं, व्हॅक्यूम क्लीनर.

त्या मशीनच्या पाइपाच्या टोकाला जमिनीवर फिरवायचं एक चपटं तोंड असतं. साधं तोंड मधली फरशी साफ करतं, पण भिंतीपाशी गेलं की अडतं आणि भिंतीला लागून दोन बोटांची पट्टी तशीच राहते. कोंडा नेमका तिथंच साचतो. रीतानं वेगळं तोंड मागवलं. त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा होत्या आणि कडेनं ब्रशचे केस बाहेर आलेले. भिंतीला चिकटवून चालवलं की ते खालचं तर ओढायचंच, वर भिंतीच्या पायाशी टाइलची जी उभी पट्टी असते, मिस्त्री लोक स्कर्टिंग म्हणतात ती, तिच्यावरचा कोंडाही चाटून घ्यायचं.

मला वाटलं होतं खैरुनबी मशीनला नाकं मुरडेल. पण ते तोंड पाहून ती हरखली. "याले किनार समजते," म्हणाली. "माह्यासारखंच हाय. कडेकडेनं चालते." कूलरमागे, दिवाणाखाली, दाराच्या चौकटीच्या खाचेत, सगळीकडे ती ते तोंड घालायची. मशीनचा डबा पारदर्शक होता. काम झालं की ती तो उजेडात धरून पाहायची, डॉक्टर रिपोर्ट पाहतो तसा.

"काय दिसते?" मी कुंपणावरून विचारायची.

"तांदूय, केस, उंदराच्या लेंड्या. आन् सुगंधाबाईच्या तंबाकूची पुडी. दिवानाखाली लपवते म्हतारी."

"माजं नाव घालू नगं गं," आतून सुगंधाबाई. "औषध हाय ते दातांचं."

असं हसण्यात चाललं होतं.

चैत्र संपता संपता एक दिवस खैरुनबी डबा धुवायला आमच्या नळावर आली. डबा रिकामा करून ती बराच वेळ त्या कोंड्याकडे बघत बसली.

"काऊन, काय झालं?"

"रीता मॅडमकडचे उंदीर गेले. एक लेंडी नाई. मांगच्या खेपेलेही नव्हती."

"बरं झालं ना. पीडा गेली."

"गेली," ती म्हणाली. "पन कुठी गेली? मिल तं इथीच हाय."

मी ब्लाउज शिवत होते, हातात काम होतं. नंतर दिवसभर मात्र मला ते आठवत राहिलं. आमच्याकडे माळ्यावर रात्री खुडखुड चालायची ती चालूच होती. तेवढ्यावरून मला उगीच बरं वाटलं.

त्याच आठवड्यात एकदा रीता सुट्टीच्या दिवशी अंगणात बसली होती. खैरुनबीनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "मॅडम, हात किती रिकामा ठेवता. माह्या भावाले पाठवते. मन्यार हाय तो."

रीता हसली. "मण्यार? अहो, आमच्याकडे मण्यार म्हणजे साप. फार विषारी असतो तो."

खैरुनबीचा चेहरा उतरला. तिनं हलकेच स्वतःच्या तोंडावर पदर धरला, जणू ती स्वतःच बोलली होती. "तसं नाव नका घेऊ, मॅडम. आमच्या तोंडात त्या शब्दात फकत बांगड्या हायेत."

"बरं बाई, नाही घेत. पाठवा तुमच्या मन्यारला." रीतानं मुद्दाम आमच्यासारखा न काढून दाखवला. आमच्या इकडे ण कोणाच्या जिभेवर टिकत नाही. "गुड्डीलाही दोन दोन भरू. तिला छुमछुम आवडतं."

मे महिन्यात ऊन असं तापलं की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसेना. कूलर लावूनही घरात जिवाला चैन नसे. सुगंधाबाई गुड्डीला गादीवर न झोपवता कूलरजवळ, भिंतीला लागून, फरशीवर पातळ गोधडी टाकून झोपवायच्या. भिंतीच्या पायाशी गार लागतं. पोर गालच त्या टाइलच्या पट्टीला लावून झोपायची.

त्या दिवशी सकाळी खैरुनबीनं नेहमीसारखं मशीन चालवलं. कूलरमागे गेल्यावर तोंडाचा आवाज बदलला, काही अडकल्यासारखा. तिनं बंद करून तोंड उलटं केलं. कडेच्या ब्रशात केसांच्या गुंत्याबरोबर काहीतरी पातळ, चमकणारं गुंडाळलं गेलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तिथली टाइलची पट्टी भिंतीपासून जरा सुटली होती. आधी राहणाऱ्यांनी हौसेनं बसवली होती म्हणे, ती सुटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

खैरुनबीला काय ते कळलं. पण कोणाचं ते कळलं नाही. आमच्या घरांत धामणही येते, उंदीर खाते आणि निघून जाते, तिच्यासाठी कोणी आरडाओरडा करत नाही. रीता पर्स घेऊन दारात, बँकेची वेळ झालेली.

"मॅडम, भिंतीपाशी दोरी हाय. गुड्डीले तिथी खाली झोपवू नका."

"दोरी? अरे हो." रीता लगबगीनं आत आली. मशीनची लांब वायर भिंतीकडेनं पडली होती. तिनं ती गुंडाळून खुंटीला अडकवली. "बरं झालं सांगितलंत. अडकून पडली असती पोर." आणि गेली.

खैरुनबीनं मला नंतर सांगितलं, की रीताला तिथंच हटकायला हवं होतं. पण तिला वाटलं मॅडमला समजलं, आणि वायर मॅडमनं आपली अशीच उचलली. सुगंधाबाई न्हाणीघरात होत्या. गुड्डी पलंगावर खेळत होती. खैरुनबीनं दारातून ओरडून सांगितलं, "आजी, लेकराले पलंगावरच ठेवा," आणि आतून "व्हय व्हय" आलं. मग तिनं तो पापुद्रा कागदात घेतला आणि बाजाराकडे निघाली, सोमाजीकडे.

सोमाजी सायकलीचे पंक्चर काढतो आणि कोणाकडे जनावर निघालं तर धरून जंगलात सोडतो. त्यानं कागद उघडला, तुकडा उन्हात ताणून धरला. पाठीच्या मधोमध एक ओळ होती, बाकीच्या खवल्यांपेक्षा मोठी, सहा कोनांची.

"कोनाच्या घरी हाय हे?"

"काऊन?"

"मन्यार हाय, बाई. चावली तं मानसाले समजत बी नाई. कात ताजी हाय."

खैरुनबी म्हणते, सोमाजीनं ते नाव घेतलं तेव्हा तिला भाऊ आठवला नाही, वडील आठवले नाहीत. आईच्या पापण्या आठवल्या. सुगंधाबाईचा नंबर तिच्याकडे नव्हता. माझा फोन हर्षा कॉलेजला घेऊन गेली होती. तिनं रीताला लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, जे कधी बोलली नव्हती ते बोलली, कारण दोरी म्हणून काही होत नाही हे आता तिच्या ध्यानात आलं होतं.

"मॅडम, तुमच्या घरी मन्यार हाय."

रीतासमोर काउंटरवर गर्दी. तिला खैरुनबीचं एक वाक्य पक्कं आठवत होतं, आमच्या तोंडात त्या शब्दात फक्त बांगड्या आहेत. ही बाई मेली तरी दुसऱ्या अर्थानं तो शब्द घेणार नाही.

"आला का? बरं बरं, मी आईंना सांगते. पाणी द्यायला सांगते त्याला. गुड्डीलाही भरायला सांगते हं," म्हणाली आणि फोन ठेवला.

खैरुनबीनं पुन्हा लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला, कोणी उचलेना. सोमाजीला मागून ये म्हणून ती उन्हात पळत सुटली.

मी हे सगळं नंतर जोडून सांगते आहे. त्या वेळी मी दारात बसून ब्लाउजला काजं करत होते, तर शेजारच्या ओसरीत सुगंधाबाई गुड्डीला मांडीवर घेऊन आलेल्या. पोरीचा चेहरा झोपेतून उठवल्यासारखा फुगलेला, एका गालावर गोधडीच्या टाक्यांची नक्षी.

"का हो, उन्हात बसल्या?"

"मन्यार येनार हाय म्हनं. सुनेचा फोन आला. पोरगी झोपली व्हती चांगली. पर झोपल्याली पोर बांगडी भरू देत न्हाई, हात वढती आन् काच फुटती. म्हनून उठवून आनली. तोंड धुतलं. तुमी बी या, हिरवा चुडा भरा."

"मुबीनभाऊ एवढ्या उन्हात?"

"मला काय ठावं. सून म्हनली घरातच आलाय. मी आत बाहेर बगितलं, कुणी दिसंना." त्या हसल्या. "तुमचा मन्यार लपून बसतूया वाटतं."

मीही हसले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खैरुनबी दिसली. एका पायात चप्पल नव्हती. डांबर पाय भाजेल असं तापलेलं आणि ती बाई अनवाणी पायानं तशीच येत होती.

"लेकरू कुठी हाय?"

"हे काय, मांडीवर."

खैरुनबीनं गुड्डीला उचललं. कानामागं पाहिलं, मानेवर पाहिलं, बोटं उघडून एक एक बोट पाहिलं, पायाचे तळवे पाहिले. पोरीच्या पापण्या वर करून पाहिल्या. गुड्डीला गुदगुल्या झाल्या आणि ती हसायला लागली. खैरुनबीचे ओठ हलत होते. ती कलमा म्हणत होती. मला अजून काही समजलं नव्हतं, पण माझ्याही तोंडात नकळत त्रिसरण आलं.

"कुठी झोपली व्हती?"

सुगंधाबाई गोंधळल्या. "तितंच की. कूलरपाशी. गार असतंय." मग म्हणाल्या, "तू पलंगावर म्हनली व्हतीस, पर लई उकडतंय गं पलंगावर."

आम्ही तिघी पोरीला घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलो, भिंतीपासून लांब.

सोमाजी आला. आम्ही दारातून पाहत होतो. गोधडी तशीच होती, पोरीच्या डोक्याचा खळगा अजून तिच्यावर दिसत होता. त्या खळग्यापासून हातभर अंतरावर टाइलची सुटलेली पट्टी. सोमाजीनं कांबीनं ती उचकटली. मागे भिंत पोकळ. उंदरांनी पोखरलेली, कोंडा आणि चिंध्यांनी भरलेली बिळं. उंदीर एकही नाही. आणि त्या चिंध्यांत अख्खी कात, शेपटीकडून फाटलेली. तो ती उलगडत गेला आणि ती येतच गेली.

ते स्वतः मात्र नव्हतं.

त्यानं कूलर हलवला, दिवाण उभा केला, मोरी पाहिली. शेवटी त्या पोकळीत बॅटरी मारून वाकून बसला. बराच वेळ. मग उठून भिंतीवर बोटांनी ठोकत गेला, इथून तिथपर्यंत.

"या भिंतीच्या तिकडे कोन राह्यते?"

"मी," मी म्हणाले.

त्यानं माझंही घर पाहिलं. पेट्या, शिवणयंत्र, तांदळाची कोठी, सगळं हलवलं. काही निघालं नाही. "गेलं असन," म्हणाला. "खटका झाला की जाते." पण जाताना त्यानं बिळात सिमेंट भरायला सांगितलं. ते रीताच्या बाजूनं भरलं. आमच्या बाजूनं बीळ दिसतच नव्हतं, तर भरणार काय?

रीता त्या संध्याकाळी गुड्डीला मांडीवरून खालीच ठेवेना. खैरुनबीला म्हणाली, "तुम्ही नाव घेतलंत आणि मला वाटलं..."

"तुमची काय चूक, मॅडम," खैरुनबी म्हणाली. "तुम्हाले बांगड्या ऐकू आल्या म्हनून लेकरू उठलं. नीट ऐकू आलं असतं तं तुम्ही घाबरून रिक्षा शोधत बसल्या असत्या." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "पन मी नाव घेतलं ना, हर्षाची आई. आता त्याले रस्ता समजला."

मी तिला म्हणाले असं काही नसतं. ती मान हलवून हो म्हणाली. तेव्हापासून मात्र ती बदलली. मशीन चालवताना गप्पा मारत नाही. डबा दोनदा पाहते. मुबीनची हाक आली तर आधी पायांकडे बघते. रीतानं पावसाच्या आधी पलीकडच्या गल्लीत वरच्या मजल्यावर घर घेतलं. शेजारचं घर रिकामं पडलं. आता तिकडून शिटी येत नाही, खोकला येत नाही. भिंत गप्प असते.

मृग लागला, पण पाणी आलं नव्हतं, नुसता उकाडा. रीतानं खैरुनबीच्या हातून मशीन माझ्याकडे पाठवलं. म्हणाली, काकूंकडेही एकदा कडा काढून द्या, शिवणाचे दोरे फार असतात. दुपारची वेळ. हर्षाला सुट्टी होती. खैरुनबीनं पुढच्या खोलीपासून सुरुवात केली, कोपऱ्यातून, भिंतीच्या किनारीनं. कडेच्या ब्रशात माझ्या शिवणाचे रंगीबेरंगी दोरे अडकत होते आणि ती ते बोटांनी काढत होती. शेवटी मशीन बंद करून तिनं डबा खिडकीकडे धरला. फिरवून फिरवून पाहिला.

"तुमच्याकडे उंदीर हायेत ना?"

"होते," मी म्हणाले. मग मला माळा आठवला. किती दिवस झाले, मी खुडखुड ऐकली नव्हती. "आता नाही येत आवाज."

खैरुनबीनं डबा खाली ठेवला.

"हर्षा कुठी हाय?"

"आतल्या खोलीत. झोपली आहे. खाली, कूलरपाशी."

ती आत गेली नाही. उंबऱ्याशीच थांबली, एक हात मागे करून मला अडवलं आणि आधी नीट फरशी पाहून घेतली, कडेकडेनं. मग तिनं हाक मारली, मोठ्यानं, स्पष्ट.

"हर्षा, ऊठ बेटा. पाय भिंतीकडे नको नेऊ. घरात मन्यार हाय."

आतून चादरीची सळसळ झाली. हर्षानं झोपेतच कूस बदलली, भिंतीकडे.

"मले नाई भराच्या बांगड्या, मावशी," ती म्हणाली.